तबकड्यांच्या गवसण्या

पहिलं कव्हर वामनरावांनी आधी हात लांब करून पाहिलं, मग डोळ्यांजवळ आणून पाहिलं, आणि शेवटी पेटीचा भाता दुरुस्तीला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही दाखवलं.

"ताई, राग नका मानू," ते म्हणाले, "पण हे त बँडपार्टीचं पोस्टर झालं. खाली फक्त 'लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतल्या जातील' एवढं लिहाचं राह्यलं."

गिऱ्हाईक हसलं. शामलाही हसली. कर्ण्याचा ग्रामोफोन आणि त्याला रेलून ठेवलेली इलेक्ट्रिक गिटार, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. काढतानाच तिला ते खटकलं होतं. पण तेवढं ऐकायला ती प्रतापनगरहून सीताबर्डीपर्यंत सायकलरिक्षानं, दहा महिन्यांची मिनू मांडीवर घेऊन, तिच्या डोक्यावर पदर धरून आली होती, आणि आता तशीच परत जायचं होतं.

वामनरावांचं वाद्यांचं आणि रेकॉर्डांचं दुकान होतं. त्यांना एक लाँग प्ले काढायची होती. एका बाजूला नागपूरच्या जुन्या गाणाऱ्या बायांची गाणी, दुसऱ्या बाजूला तीच गाणी आजच्या पोरींच्या गळ्यातून, ऑर्गन आणि गिटारीच्या साथीवर. "एका बाजूले आजी, दुसऱ्या बाजूले नात," ते म्हणायचे. "कव्हर पाह्यल्याबरोबर दोघी दिसल्या पाह्यजे. न् भांडताना नाही दिसल्या पाह्यजे."

हे काम विश्वनाथनं, तिच्या नवऱ्यानं, मिळवून दिलं होतं. तो खाणींच्या सर्वेक्षणात होता; पावसाळा सरला की त्याचा मुक्काम बस्तरच्या जंगलात, तंबूत. जाण्याआधी तो वामनरावांशी बोलून आला. बायको पुण्याला कमर्शिअल आर्ट शिकलेली, जाहिरातींच्या ऑफिसात वर्षभर काम केलेली. "तुझा वेळ जाईल," तो शामलाला म्हणाला होता. दहा महिन्यांचं मूल असलेल्या बाईचा वेळ घालवायला कामाची गरज पडते असं त्याला वाटावं याचं तिला नवल वाटलं होतं. वेळ कुठे होता? तिला बोलायला माणूस हवं होतं.

प्रतापनगरात तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त. चुन्याच्या रेघा, बाभळी, आणि दोन प्लॉट सोडून शोभाताईंचं घर. शोभाताई रोज कुंपणाशी येऊन चौकशी करायच्या, पण त्यांचं बोलणं म्हणजे परीक्षा असायची. "काहून वं शामला, पोरगी वाळून राहिली का? दूध अंगाले लागत नाही वाटते तिच्या." मग शामला दिवसभर मिनूचे दंड दोन बोटांत धरून पाहायची. दूध, पाणी, वाटी, चमचा, लंगोट, जे जे म्हणून पोरीच्या अंगाला किंवा तोंडाला लागणार ते सगळं उकळायचं, हा तिचा नेम होता. घरात एक मोठं जर्मनचं पातेलं कायम शेगडीवर असे. सासरची माणसं वर्ध्याला, माहेर सांगलीला. काही झालं तर आपण एकटीच आहोत, हे तिला सकाळी डोळे उघडताच आठवायचं.

दुसरं कव्हर तिनं महिरपीचं केलं. नक्षी, मोर, मध्ये नव्या वळणाची जाडजूड अक्षरं. वामनरावांनी मान हलवली. "आता हे केसाच्या तेलाचं लेबल झालं. ताई, जुन्या रेकॉर्डीवर असं काही राहत होतं का खरंच? तुम्ही पाह्यली का?"

तिनं पाहिली नव्हती. तिनं पुस्तकांतलं जुनं पाहिलं होतं. मग ती सीताबर्डीवरच्या भंगारवाल्यांकडे गेली, दोन-चार ओळखीच्या घरी गेली, आणि तिला कळलं की त्या तबकड्यांना चित्राचं कव्हर कधी नव्हतंच. सगळ्यांना तेच तपकिरी कागदाचं पाकीट, मध्ये लेबल दिसण्यापुरतं गोल भोक, कोपऱ्यात दुकानाचं नाव. प्रेमाचं गाणं असो की अभंग, पाकीट एकच. जुन्या गाण्याला चेहराच नव्हता. मग नव्याशेजारी जुनं म्हणून दाखवायचं तरी काय?

"असं करा," वामनराव म्हणाले, "रामदासपेठेत देवरावजीकडे जा. तारखात्यातून रिटायर झाले. नागपुरात ज्या फुटल्या नाहीत त्या सगळ्या तबकड्या त्यांच्याकडे आहे. बोलणार नाही जास्त. पण दार उघडतीन."

दार उघडलं खरं, पण बऱ्याच वेळानं. उंच, वाकलेला म्हातारा, बंडी आणि धोतर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची दुधी झाक. त्यानं आधी शामलाकडे पाहिलं, मग मिनूकडे.

"रडते का ही?"

"रडते कधीकधी."

"रडू द्या. या."

खोलीच्या खिडक्या बंद होत्या. उन्हानं तबकड्या वाकतात, म्हणून. भिंतीला लागून फडताळ, आणि फडताळात पुस्तकं लावावीत तशा उभ्या लावलेल्या तबकड्या. पण कागदाचं पाकीट एकालाही नव्हतं. प्रत्येक तबकडीला कापडाची गवसणी होती. तंबोऱ्याला घालतात तशी, फक्त चौकोनी, वर दोन बंद. चौकड्याचं कापड, बुंदक्यांचं, काठाचं, विरलेलं, रफू केलेलं. एकसारख्या दोन नव्हत्या.

"कागद कसर खाऊन टाकते," देवराव म्हणाले. "म्हणून इंदूनं शिवल्या. माझी बायको. आपल्याच जुन्या लुगड्यातून. तिले वाचता नव्हतं येत. म्हणे, मले कागदावरचं काय समजते? आधी गाणं ऐकव, मग मी कपडा ठरवतो. हे रडकं गाणं आहे न्, हे गहिऱ्या रंगाचं. हे चावट, ह्याले चौकडा. पाहाच."

त्यांनी हात घालून बरोबर एक काढली, पिवळ्या बुंदक्यांची, आणि तबकडी लावली. खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला, नाकात बोलल्यासारखा, खट्याळ. शामलाला हसू फुटलं. गाणं पिवळंच होतं, बुंदक्यांचंच होतं. त्याला दुसरा कुठला कपडा शोभलाच नसता. मिनू सतरंजीवर बसली होती. तिनं तोंडातली मूठ काढली आणि कर्ण्याकडे बघत राहिली.

कॉलेजात दोन वर्षं जे शिकवत होते ते या बाईनं सुईदोऱ्यानं करून ठेवलं होतं, एवढं शामलाला त्या दुपारी कळलं. तिला हवं असलेलं कव्हर या फडताळात होतं. आणि परत जाताना रिक्षात तिच्या हेही लक्षात आलं की गेल्या दोन तासांत तिनं मिनूचा श्वास एकदाही मोजला नव्हता.

मग ती जात राहिली. बुधवारी आणि शनिवारी, मिनूचं जेवण झालं की. देवराव तबकडी लावायचे, ती गवसणी मांडीवर घेऊन कागदावर उतरवायची. बोलणं थोडंच व्हायचं, पण ते परीक्षेसारखं नसायचं.

"तुमचे मालक कधी येतीन?"

"होळीला, म्हणतात."

"म्हणजे एकट्याच राहता का तिकडे? त्या बाभळीत?"

"मिनू आहे की."

"हो. ती त बोलून बोलून डोकं खात असन."

तिला इतकं हसू आलं की पेन्सिल सरकली. कुणाच्या विनोदावर आपण शेवटी केव्हा हसलो होतो हे तिला आठवेना. पुढे पुढे ते मिनूसाठी फडताळाचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवू लागले, त्यात लाकडी चमचे आणि पत्र्याचा डबा. एकदा तिला उशीर झाला तर दार उघडंच होतं, आणि ते म्हणाले, "रिक्षावाला भेटला नसन म्हटलं." तेवढंच. पण त्या वाक्यावर तिचे पुढचे दोन दिवस गेले. कव्हर लवकर पूर्ण होऊ नये असं तिला वाटू लागलं होतं. कव्हर झालं की इथे यायला काय निमित्त?

अडचण एकच होती. बंद खिडक्यांच्या उजेडात रंग नीट कळत नसत. एक गवसणी तिच्या मनात भरली होती: किरमिजी आणि काळा बारीक चौकडा, मोहरीच्या रंगाचा काठ. इंदूच्या सासरी आल्यावरच्या पहिल्या, जपून ठेवलेल्या नि फारसं पाणी न लागलेल्या लुगड्याची. तिच्यातलं गाणं संथ होतं, शेवटची ओळ अर्ध्यावर सोडल्यासारखं. हेच कापड कव्हरवर यायला हवं, हे तिनं ठरवलं होतं.

"दोन दिवस नेऊ का घरी? उन्हात रंग जुळवून पाहते. शनिवारी आणते."

देवरावांनी तबकडी बाहेर काढली, गवसणी झटकली, घडी घातली आणि तिच्या हातात दिली. "आजवर कोणाले दिली नाही," ते म्हणाले. "तबकड्या दिल्या. हे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पोस्टर कलरच्या वाट्या मांडून बसली. किरमिजी अजून जमत नव्हता. पाणी बदलायला म्हणून आत गेली आणि परत आली तर मिनूच्या तोंडात गवसणीचं टोक. नुसतं धरलेलं नाही. चांगलं चोखून ओलं केलेलं.

त्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास होता. तिनं पोरीचं तोंड धुतलं, बोट घालून पाहिलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले. मिनू आधी रागावली, मग खेळायला लागली. शामलाला मात्र काहीच खरं वाटेना. ती पोरीला कडेवर घेऊन घरभर फिरत राहिली, दर थोड्या वेळानं तिच्या छातीला कान लावत. आणि त्या फिरण्यात, हाताला लागलेली प्रत्येक गोष्ट जिथे जायची तिथेच तिनं ती गवसणीही टाकली. शेगडीवरच्या पातेल्यात, लंगोटांबरोबर.

तिनं ते केलं तेव्हा तिला ते दिसलंच नाही. दिसलं ते पाणी लाल झाल्यावर.

चिमट्यानं बाहेर काढली तेव्हा चौकडा पुसट होऊन एकमेकांत मिसळला होता, मोहरीच्या काठात किरमिजी उतरला होता, आणि कापड चांगलंच आटलं होतं. लंगोट सगळे गुलाबी. दोरीवर ते वाळत असताना शोभाताई कुंपणाशी आल्या.

"काय वं हे? आत्ताच आली का होळी?"

शामलानं सांगितलं. सांगताना रडली. शोभाताईंनी पहिल्यांदाच तिची परीक्षा घेतली नाही. "अवं, इतवारीच्या बाजारात भेटते असा चौकडा," त्या म्हणाल्या. "नवी शिवून दे. त्या बुढ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणतेस न्? त्याले काय समजते?"

समजलं नसतं कदाचित. तिनं विचारही केला; कापड कुठे मिळेल, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं कसं दिसेल, हेसुद्धा तिला सुचलं. तिचं शिक्षणच त्याचं. पण मग बुधवारी आणि शनिवारी त्या सतरंजीवर बसून ती त्यांच्याशी काय बोलणार होती? ते दार उघडं राहिलं असतं, आणि तिला आत जाता आलं नसतं.

शनिवारी तिनं ते आटलेलं कापड जसं होतं तसं त्यांच्या हातात ठेवलं. "मिनूनं तोंडात घातलं. मी घाबरले. उकळलं. माझ्या लक्षात नाही आलं."

देवरावांनी ते बोटांनी चाचपलं. मग तबकडी आणली आणि त्यात घालायला गेले. तबकडी आत जाईना. त्यांनी कापड ताणलं नाही. तबकडी काढून टेबलावर ठेवली, उघडीच.

"पोरगी बरी आहे न्?"

"हो."

"मग जा तुम्ही आज."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काही म्हणता आलं असतं. बुधवारी ती गेली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. ‘आज’ म्हणाले होते. पण तो आज कधी संपतो ते तिला कोण सांगणार?

त्या दिवसांत तिनं कव्हर केलं. करायचं म्हणून नाही, दुसरं काही करवत नव्हतं म्हणून. डाव्या कडेला इंदूचा चौकडा, धाग्याधाग्यासकट, जसा होता तसा. मध्यावर येईतो त्याचे रंग सुटायला लागलेले, किरमिजी काळ्यात, काळा काठात. आणि उजवीकडे ते सगळं पातळ होत होत पांढऱ्या मोकळ्या कागदात विरलेलं. त्या मोकळ्या जागेत बारीक, सरळ, बिननक्षीची अक्षरं. ग्रामोफोन नाही, गिटार नाही, बाईचा चेहरा नाही.

वामनरावांनी ते कुणालाच दाखवलं नाही. काउंटरवर ठेवून ते नुसते पाहत राहिले. "हे," ते म्हणाले, "हे काहून नाही आणलं आधी? पाह्यलं की आवाजच येते, ताई. हे मले आजच्या आज मुंबईले पाठवाचं आहे."

"आज नको," शामला म्हणाली. "एका माणसाला विचारायचं आहे."

"कोणाले? मालकाले?"

"नाही. ज्याचं कापड आहे त्याला."

वामनराव कुरकुरले, पण त्यांनी कागद गुंडाळून दिला.

देवरावांनी या वेळी दार उघडलं ते अर्धंच. तिनं उंबऱ्याबाहेरूनच कव्हर उलगडलं. त्यांनी ते घेतलं, आत गेले, आणि तिनं त्या घरात कधी न पाहिलेली गोष्ट त्यांनी केली: खिडकी उघडली. ऊन फडताळावर पडलं. ते उजव्या डोळ्याशी कागद धरून, इंच इंच सरकवत पाहत होते. शामला दारातच उभी होती. मिनू कडेवर जड झाली होती.

"इंदूचं लुगडं आहे," ते म्हणाले.

"हो."

"न् हे इकडचं, वाहून गेलेलं?"

"ते मी केलेलं. पातेल्यात. तुम्ही नको म्हणालात तर मी हे देणार नाही. दुसरं काढीन."

त्यांनी खिडकी लावून घेतली. कागद गुंडाळायला त्यांना वेळ लागला. "छापा," ते म्हणाले. "चांगलं आहे. तिनं पाह्यलं असतं त म्हणाली असती, कपडा गाण्याले शोभते. छापा."

"आणि मी... आम्ही बुधवारी येऊ?"

यावर मात्र ते दाराच्या चौकटीकडे बघत बोलले, तिच्याकडे नाही. "हे पाहा बाई. कपड्याचं काही नाही. कपडा काय, कसरीनं खाल्लाच असता कधी तरी. पण तुम्ही येत राहिल्या, न् मी दुपारपासून कान देऊन बसू लागलो. घंटी वाजली का, रिक्षा थांबली का. ह्या मागच्या दिवसात बसूनच राह्यलो मी. तबकडी नाही लावली एक. तिच्या मागं इतके वर्ष मी हे वाट पाहणं मोडून काढलं होतं. होळीले तुमचे मालक येतीन, तुमची बदली होईन. मग मी पुन्हा काय करू? नका येऊ. रागानं नाही म्हणत."

‘आमची बदली नाही होणार’ म्हणावं, तर ते खोटं ठरू शकत होतं. तिनं मान हलवली, कागद घेतला, आणि रिक्षात बसली. कव्हर त्याच संध्याकाळी मुंबईला रवाना झालं. वामनरावांनी मिनूच्या हातात एक खुळखुळा ठेवला आणि कव्हरच्या मागच्या बाजूला शामलाचं नाव छापू म्हणाले, पूर्ण नाव. घरी आल्यावर तिनं पातेलं शेगडीवर चढवलं, आणि खुळखुळाही त्यात टाकला.

बुधवार आला. दुपारी मिनूला भरवून झालं. घरात कुकराचीही शिटी नव्हती. बाहेर रिकाम्या प्लॉटवर कुणाची तरी शेळी चुन्याची रेघ चाटत होती. आपण कान देऊन बसलो आहोत हे शामलाच्या लक्षात आलं. कशाला? कुणीच येणार नव्हतं. तिकडे रामदासपेठेत दुसरं कुणी तसंच बसलं असेल, आणि दोघांच्या मध्ये फक्त एक रिक्षा होती.

होळीनंतरचं होळीनंतर, असं ती मोठ्यानं म्हणाली. मिनूनं तिच्याकडे पाहिलं.

देवरावांच्या घराच्या पायऱ्या चढताना आतून गाण्याचा आवाज येत नव्हता. शामला दाराशी उभी राहिली. हात कडीपर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि माणसाचं सांगणं मानायला हवं हे तिला कळत होतं. ती परत वळणार तोच कडेवरच्या मिनूनं पुढे वाकून तळहातानं दार बडवलं. एकदा, मग दोनदा, मग आवाज आवडल्यासारखी बडवतच राहिली.

"कोण आहे?"

"आम्ही," शामला म्हणाली.

तिनं मिनूचा हात धरून ठेवला. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.